कफ्र लूजची शेवटची भाकरी

निशिगंधाने मशीनचं झाकण तिसऱ्यांदा उघडलं आणि तिसऱ्यांदा बंद केलं. तेवढ्याने आकडा बदलणार नाही हे तिला कळत होतं, पण हात स्वस्थ बसायला तयार नव्हते. स्क्रीनवर शून्य होतं. अगदी कोरं शून्य नाही, शून्याला चिकटून असलेलं काहीतरी. एक वर्ष, फार तर दीड. यायला हवी होती चाळीस वर्षं. चाळीस नाही तर एकतीस. या दोन्हींतला कुठलाही आकडा चालला असता, हा तिसराच कुठून उपटला ते तिला कळेना.

ती इस्लामपूरची. पुण्यात फिजिक्स केलं आणि आता जर्मनीतल्या गार्चिंगच्या कॅम्पसवर पीएचडीचं तिसरं वर्ष चाललं होतं. काम काय करतेस असं कोणी विचारलं की ती सांगायची, मातीच्या कणांत एक घड्याळ असतं. माती भाजली की ते शून्यावर येतं, आग विझली की पुन्हा चालू होतं आणि वर्षं कणाकणात साठत जातात. प्रयोगशाळेत त्या कणांना डिवचलं की साठवलेलं सगळं ते मंद उजेडाच्या रूपात बाहेर टाकतात. तो उजेड मोजायचा, म्हणजे ती माती शेवटची कधी तापली होती ते कळतं. पथ्य एकच. मोजण्याआधी कणांवर साधा उजेड पडता कामा नये, नाहीतर घड्याळ आधीच पुसलं जातं. म्हणून हे सगळं काम लाल दिव्याच्या खोलीत चालतं, आणि फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा असतो.

गेल्या मंगळवारी तिने फोन लॉकरमध्ये ठेवला नव्हता. कण ताटलीवर पसरून ठेवले होते आणि कोटाच्या खिशात फोन थरथरला. हात आपोआप खिशात गेला. पांढराफटक उजेड तिच्या तोंडावर, टेबलावर आणि ताटलीवर पडला. आईचा फोन होता. दोन सेकंद म्हणा, चार म्हणा. तिने फोन परत खिशात कोंबला. नंतर बाहेर येऊन तिने आईला फोन केला, तर आईला एवढंच विचारायचं होतं की जेवलीस का.

माती दुसऱ्या कुणाची असती तर तिने वहीत तसं लिहून टाकलं असतं आणि विषय संपला असता. पण ही माती यूसुफ नसार यांची होती, आणि यूसुफ नसार तिचे घरमालक होते. वय चौऱ्याहत्तर. इथल्याच एका संस्थेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं बारीक यंत्रकाम केलं होतं. बायको वारलेली, मुलगी हॅम्बुर्गला. यू-बानच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांचं रांगेतलं छोटं घर होतं आणि त्यातली वरची खोली मार्चपासून निशिगंधाकडे होती. आनमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीचा कागद तिने मागायच्या आधी त्यांनी भरून, सही करून टेबलावर ठेवला होता, त्यावरून माणूस कसा आहे ते तिला पहिल्याच दिवशी कळलं. "हेर नसार" ही हाक त्यांना आवडायची नाही. अम्मो म्हण, म्हणाले. त्यांच्याकडे काकांना अम्मो म्हणतात. तिला ते बिन्ती म्हणायचे, म्हणजे मुली. दोघांची भाषा जर्मन, दोघांचंही व्याकरण बेताचंच, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नव्हती.

बैठकीच्या खोलीत शेल्फवर चार जाडजूड खंड होते. मे महिन्यात एका रविवारी अम्मोंनी त्यातला चौथा काढून तिच्यापुढे ठेवला होता. उत्तर जॉर्डनमधल्या एका टेकडीवरच्या जर्मन उत्खननाचा तो अहवाल. तळाशी रोमन देऊळ, त्यावर चर्च, आणि त्या सगळ्याच्या वर कफ्र लूज नावाचं गाव. गाव म्हणजे काय, चौतीस घरं, एक झरा आणि बदामाची झाडं. देवळाच्या एकेका दगडाचं चित्र त्या खंडांत होतं. तीनशे वर्षं त्याच दगडांच्या आडोशाने राहिलेल्या गावाला एक ओळ मिळाली होती: 'वरचा थर: अर्वाचीन वस्ती, हटवली.' त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"हटवली," अम्मो म्हणाले होते. "कोणी, ते लिहिलेलं नाही. मी हटवली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उत्खनन सुरू झालं तेव्हा ते पाट्या उचलायला लागले. इंग्रजी येत होतं, डोकं चालत होतं, म्हणून दोन वर्षांत मुकादम आणि दुभाषी झाले. पुढे वरून ठरलं की गाव देवळावर बसलंय, ते उठायला हवं. खाली सडकेलगत सिमेंटची घरं बांधली, नळ दिला, वीज दिली. संमतीचे कागद घेऊन चौतीस दारं फिरायला आपलाच माणूस हवा होता. तेहतीस घरांनी यूसुफकडे बघून अंगठे दिले. चौतिसावं घर त्यांच्याच आईचं होतं. आईनेही अंगठा दिला, मात्र मुलाकडे न बघता. ते १९८६चं साल, उन्हाळ्याचे दिवस. पुढच्या वर्षी उत्खननातल्या एका प्रोफेसरांनी यूसुफला जर्मनीत नोकरी लावून दिली.

"भाऊ पत्रं लिहायचा," ते म्हणाले. "आई नव्या घरात रमली. गॅसवर भाकऱ्या करते. वरचं नावसुद्धा काढत नाही. नऊ वर्षं हेच. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत ती गेली. मला बरं वाटायचं ती पत्रं वाचून. मी काही वाईट केलं नाही असं वाटायचं."

आणि मागच्या वर्षी तो भाऊही वारला. ऑक्टोबरात अम्मो भेटायला गेले, तेव्हा पुतण्याची बायको चहा ओतता ओतता सहज बोलून गेली की आजी तर शेवटपर्यंत वरच्या ताबूनवर जायची म्हणे. बाकीचे तिच्यावर तुटून पडले, तू या घरात आलीस कधी, तुला काय माहीत. विषय तिथेच मिटला, अम्मोंच्या मनातला मात्र मिटला नाही. ताबून म्हणजे मातीची घुमटासारखी भट्टी. आत खडे पसरलेले, वर झाकण. बाहेरून गोवऱ्या आणि ऑलिव्हचा चोथा रचून तापवायची आणि आतल्या खड्यांवर भाकरी टाकायची. आईचा ताबून पडक्या घरात अजून उभा होता. अम्मोंनी त्याचा तळहाताएवढा तुकडा काळ्या कापडात गुंडाळून आणला होता.

"तुझं मशीन सांगेल का, बिन्ती? तिची शेवटची भाकरी कधी भाजली गेली ते? चाळीस वर्षांपूर्वी असेल तर भाऊ खरा. एकतीस असेल तर ती बाई माझ्यामुळे नऊ वर्षं टेकडी चढत होती. मला एवढंच कळू दे. त्याशिवाय मला कुठे बसवत नाही."

"सांगेल की," निशिगंधा म्हणाली होती. "दोन-तीन वर्षं इकडेतिकडे." तेव्हा तिने जराशी मान वर केली होती. आता ती आठवली तरी तिला स्वतःचा राग यायचा.

मशीन मोकळं व्हायला ऑक्टोबर उजाडला, आणि उजाडून हे शून्य.

पुढचे आठ दिवस तिने घरात चोरासारखे काढले. अम्मो स्वयंपाकघरात असले की ती बूट हातात घेऊन जिना चढायची. टेबलावर मसुराचं सूप झाकून ठेवलेलं असायचं, सोबत चिठ्ठी, 'गरम करून घे'. ती ते थंडच प्यायची, का तर मायक्रोवेव्हचा आवाज नको. एकदा जिन्याखालून आवाज आला, "बिन्ती, मांजरसुद्धा पायांचा आवाज करतं थोडा." तिने वरूनच काहीतरी हसल्यासारखं केलं.

तुकड्यातला अर्धा भाग शिल्लक होता. त्यातला अर्धा तिने पुन्हा कुटला. या खेपेला फोन घरी ठेवून आली आणि दिवा तपासून घेतला. तरी शून्य. लाल दिव्याच्या काचेला तडा गेला असेल म्हणून ती टेबलावर चढून काच बघून आली. काच धडधाकट होती. तुकडा आधी कुणी उन्हात ठेवला असेल का? विमानतळावरच्या तपासणीने असं होतं का? रात्री अंथरुणात पडून ती स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची आणि सकाळी सायकलवर बसल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

शेवटी ती हृषिकेशकडे गेली. हृषिकेश नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनियर. शेजारच्या इमारतीत सिरॅमिकच्या चकत्या कापून मायक्रोस्कोपखाली बघण्यात त्याची पीएचडी चालली होती.

"आल्झो, तर मग, दोनदा शून्य आलं म्हणजे ते शून्यच आहे," तो म्हणाला. "डेटा तुझ्यावर रागावलेला नाहीये, निशी."

"चाळीस वर्षं तिथे कोणी राहत नाही, हृषी. शून्य कसं येईल? पहिल्यांदा मी फोन काढला, दुसऱ्यांदाही काहीतरी केलंच असणार."

"काय केलंस?"

"तेच तर कळत नाहीये."

"दे इकडे उरलेला तुकडा. आडवा कापून पॉलिश करतो. निदान पूर्ण भाजलेला आहे की अर्धाकच्चा ते तरी बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'माती आरपार भाजलेली. बाकी ही भट्टी आहे की बेकरीतला केक?' फोटोत फिकट आणि काळे पट्टे एकावर एक दिसत होते. निशिगंधाने फक्त पहिलं वाक्य वाचलं. माती पुरेशी तापलेली होती. म्हणजे मातीचा दोष नाही, म्हणजे दोष आपला. तिने फोन पालथा ठेवला.

रविवारी सकाळी ती खाली आली आणि यावेळी बूट पायात घालूनच आली. अम्मो खिडकीशी कॉफी करत होते. तिने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. आधी फोनचं, मग ताटलीचं, मग दुसऱ्या खेपेचं.

"तुमचा तुकडा मी वाया घालवला," ती म्हणाली. "मोठ्या तोंडाने सांगेन म्हणाले होते. माझं चुकलं, अम्मो."

अम्मोंनी गॅस बंद केला. "किती आलं म्हणालीस?"

"जवळजवळ शून्य. एक वर्ष."

"एक वर्ष." त्यांनी मनाशी हिशेब केल्यासारखी बोटं हलवली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "गेनाऊ. अगदी बरोबर आहे. तुझं मशीन चांगलं आहे, बिन्ती. मागच्या ऑक्टोबरात मी तो पेटवला होता."

निशिगंधा खुर्चीवर बसली.

"थंड ताबून फोडायचा नाही अशी आमच्याकडे रीत आहे," ते सांगू लागले. "घर सोडायचं असलं तर आधी त्यावर शेवटची भाकरी भाजायची, शेजाऱ्यांना वाटायची, मग हातोडा. शहाऐंशीला कुणी केलं नाही. ट्रक उभे होते, आणि मीच घाई करत होतो. म्हणून मागच्या वर्षी वाटलं, तुकडा काढायचाच आहे तर रीतीने काढू. पुतण्याला घेऊन वर गेलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेटवला. तीन भाकऱ्या केल्या, दोन जळल्या. तिसरी पुतण्याने खाल्ली, नाइलाजाने. आणि मग तुकडा काढला."

तिला हसू आलं. तिला वाटलं, आता उठावं, सायकल काढावी आणि इसार नदीच्या काठाने कुठवरही जावं. आपलं काही चुकलं नव्हतं. आपण नुसतं विचारलं नव्हतं, तुकडा कसा काढला म्हणून. एवढा एक प्रश्न मे महिन्यात विचारला असता तर!

मग तिने अम्मोंकडे पाहिलं. ते हसत नव्हते. तीस वर्षं यंत्रांशी वागलेला माणूस, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"आग लागली की घड्याळ शून्यावर येतं, असं तूच म्हणाली होतीस."

"हो."

"म्हणजे माझ्या आगीने तिची आग पुसली."

तिला खोटं सुचलं नाही. "हो, अम्मो."

"त्या भट्टीत काय लिहिलेलं होतं ते आता कुठलंच मशीन वाचणार नाही."

"आगीचं घड्याळ नाही वाचता येणार."

"एकदा गाव हटवलं," ते म्हणाले, "आणि उरलेलं होतं तेही मीच जाऊन हटवून आलो." कॉफी त्यांनी सिंकमध्ये ओतली, भांडं धुतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. "सोड आता हा विषय, बिन्ती. तुझी काही चूक नाही."

त्यानंतर जिन्यावर आवाज न करता वावरायची पाळी त्यांची होती. टेबलावर सूप दिसेनासं झालं. चौथा खंड शेल्फवर उलटा, पाठ आत करून ठेवलेला तिने पाहिला आणि तिला भडभडून आलं. आपण सुटलो याची तिला आता लाज वाटत होती. सुटका झाली तीही त्यांच्या जिवावर.

त्या आठवड्यात दिवाळी होती. गुरुवारी दुपारी मेन्झातून, कॅम्पसच्या खानावळीतून, जेवून बाहेर पडताना आईचा व्हिडिओ कॉल आला. आई परसात न्हाणीच्या चुलीपुढे बसली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल मातीत. घरात गीझर असला तरी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं पाणी तिला चुलीवरच तापवायचं असतं, आणि त्याआधी चूल सारवायची असते.

"यंदा अंगावर बसेना माती," आई सांगत होती. "मग जुने पोपडे उचकटून काढले. अगं, काय थर निघालेत! दरवर्षी एक हात मारायचा, तो तसाच बसलेला. मधे काजळी, वर माती, पुन्हा काजळी. तुझ्या जन्माच्या आधीपासूनचं सगळं त्यात सापडायचं. हे बघ." तिने एक जाड पोपडा कॅमेऱ्यासमोर धरला. "जेवलीस का?"

निशिगंधाने फोन डोळ्यांजवळ आणला. पोपड्याच्या कडेला रेघा होत्या. फिकट, काळी, फिकट, काळी.

"आई, मी तुला संध्याकाळी फोन करते."

"अगं पण जेवलीस का?"

"जेवले, जेवले. आई, तो पोपडा टाकू नकोस."

हृषिकेश जेवायला निघाला होता, त्याला तिने दारातच परत फिरवलं. चकती पुन्हा मायक्रोस्कोपखाली गेली. त्याच्या पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे सुरुवातीला तो नुसता हो-हो करत होता. पण तिने चुलीचं सांगितल्यावर त्याने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं. मातीचा फिकट पट्टा, त्यावर धुराची काळी रेघ, म्हणजे एक सारवण. त्याने मोजले, कागदावर आकडा लिहिला आणि कागद पालथा घातला. मग तिने मोजले. कागद उलटला तेव्हा आकडा एकच होता. चकतीच्या दुसऱ्या टोकाला एक थर निम्मा उडाला होता, तो धरला तर तिथेही तेवढेच.

"पण याचा अर्थ काय लावायचा?" हृषिकेश म्हणाला. "वर्षाला एकच थर कशावरून?"

"ते मला विचारावं लागेल," निशिगंधा म्हणाली. या वेळी आधी विचारायचं असं तिने ठरवलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा दिवसाचा उजेड अजून होता. अम्मो बैठकीत नुसतेच बसले होते. फोटोचा मोठा प्रिंट तिने पाठीवरच्या बॅगेतच ठेवला.

"अम्मो, ताबूनला माती कधी लावायचे?"

"आता कशाला?"

"सांगा ना."

"वर्षातून एकदा. ऑलिव्ह उतरवून झाले की, पावसाच्या आधी. पांढरी माती, त्यात भुसा आणि बकरीचे केस. घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने लावायची. सुनेलाही हात लावू देत नसे ती."

"एखादं वर्ष चुकलं असेल?"

"वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही."

"आणि बांधला कधी?"

"एकोणसत्तरच्या वसंतात. मी सतरा वर्षांचा होतो, माती मीच वाहिली..." ते थांबले. तिच्या बॅगेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "काय आणलंयस?"

तिने प्रिंट टेबलावर ठेवला आणि त्यांना पट्टे समजावून सांगितले. आग घड्याळ पुसते, थर पुसत नाही, हेही सांगितलं. मोजलेला आकडा मात्र सांगितला नाही. अम्मो उठले. खणातून त्यांनी वर्कशॉपमधलं जुनं भिंग काढलं, ते डोळ्याला लावलं, दुसऱ्या हातात एक सुई घेतली आणि दिव्याखाली वाकले.

एकोणसत्तरपासून पंच्याऐंशीपर्यंत सतरा शरद येतात. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गाव उठलं. भावाचं खरं असेल तर सुई सतरावर थांबायला हवी होती.

ते अरबीत मोजत होते, हळू आवाजात. निशिगंधाला आकडे कळत नव्हते, पण सुई कुठे पोचली ते दिसत होतं. सतरावर सुई थांबली. अम्मोंनी भिंग काढलं, डोळा पुसला, पुन्हा लावलं. मग सुई पुढे सरकली. अठरा. तिथून पुढे ते जर्मनमध्ये मोजू लागले, बहुधा तिला कळावं म्हणून, आणि आकड्यांऐवजी सालं म्हणू लागले.

"सत्त्याऐंशी. मी इथे आलो. अठ्ठ्याऐंशी. हे एकोणनव्वद." सुई जराशी रेंगाळली. "नव्वद. एक्क्याण्णव. ब्याण्णव. हा बघ, इथून थर कसा झालाय. एका बाजूला जाड, एका बाजूला नाहीच. तिचा उजवा खांदा दुखायचा. पत्रात लिहिलं होतं भावाने, थंडीने दुखतो म्हणून." सुई आणखी दोनदा पुढे गेली. "चौऱ्याण्णव."

"सव्वीस," निशिगंधा म्हणाली. "एखादा थर इकडेतिकडे होऊ शकतो, अम्मो. मला तसं सांगायला हवं."

"नाही होणार. तिचं काम आहे ते." सुई सर्वांत वरच्या काळ्या रेघेवर होती. तिच्यावर माती नव्हती, नुसती काजळी. "आणि ही मी," ते म्हणाले.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. रडतील असं तिला वाटलं, पण ते रडले नाहीत. ते शेल्फकडे गेले, उलटा ठेवलेला चौथा खंड काढला, पेन्सिलीची रेघ असलेलं पान उघडलं आणि त्या ओळीशेजारच्या मोकळ्या जागेत अरबीत काहीतरी लिहिलं. मग खाली जर्मन अक्षरांत लिहिलं, तिच्यासाठी. 'हलीमा. ताबून, १९६९ ते १९९४. सव्वीस थर.' पेन्सिलीची भुकटी फुंकून टाकली आणि पुस्तक उघडंच ठेवलं.

"तुम्हाला दुसरं उत्तर हवं होतं," निशिगंधा म्हणाली. आपण हे शोधायला नको होतं का, असं तिला एकदम वाटून गेलं होतं.

"हवं होतं." ते खुर्चीत बसले. "पण मला ते माहीत होतं, बिन्ती. एकोणनव्वदपासून माहीत होतं. आत्ता मोजताना कळलं की मला माहीत होतं."

ती त्यांच्या समोर बसली.

"एकोणनव्वदच्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा परत गेलो. नवं घर, नवा गॅस, मी मुद्दाम स्वयंपाकघर बघायला गेलो. आईने भाकरी वाढली. ताबूनमध्ये खाली खडे असतात, म्हणून भाकरीच्या बुडाला खळगे पडतात. गॅसवर पडत नाहीत. कसे पडतील? माझ्या भाकरीला खळगे होते. मी त्यांत तेल ओतलं, ते त्यांत साठलं, लहानपणी साठायचं तसंच. बोटाने मी ते पुसून खाल्लं." त्यांनी टेबलावर अंगठा दाबून दाखवला. "आणि तिला म्हणालो, बघ, गॅसवर किती छान होतात भाकऱ्या. उगाच रुसली होतीस."

बाहेर रस्त्यावरून एक बस गेली. निशिगंधाला विचारायचं नव्हतं, पण आता न विचारणंही जमेना.

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आणखी एक घे."